पंप देवळीतच राहिला

मित्रांनो, नाव ऐकून हसू नका. मी फुंकणी आहे, आणि चांगली जुनी आहे. चूल पेटायला कुरकुरली की बायका जिच्यात तोंड घालून फुंकर मारतात, ती हातभर लांबीची लोखंडी नळी. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी आता मी नसेन. गॅस आला, खटका फिरवला की जाळ. बरंच झालं. मला त्याचं वाईट वाटत नाही, आणि का वाटत नाही तेच आज सांगायचं आहे.

जन्माने मी फुंकणी नव्हते. मी एका सायकलचा दांडा होते. ढाणकीच्या एका पोस्टमनने मला वीस वर्षं खेडोपाडी हिंडवलं, मग सायकल मोडली आणि भंगारात गेली. आठवडी बाजारात एका लोहाराने मला करवतीने कापलं, एका टोकाला हातोडीने ठोकून तोंड बारीक केलं आणि चटईवर विळ्या-खुरप्यांच्या रांगेत ठेवून दिलं. सुखीबाई तेव्हा नवी नवरी होती. तिने मला डोळ्याला लावून आरपार पाहिलं, एकदा हवेत फुंकून पाहिलं आणि पिशवीत टाकलं.

तिच्याबरोबर मी तांड्यावर आले. ढाणकीपासून दीड कोसावर बंजाऱ्यांची ही वस्ती. यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुख पालथा घालायचे. आता कापूस, सोयाबीन आणि तूर. घरात ही माणसं आपल्या गोरबोलीत बोलतात, आईला याडी म्हणतात. पण तुम्हाला कळावं म्हणून त्यांचं बोलणं मी वऱ्हाडीत सांगते. ती भाषाही त्यांचीच आहे.

आमच्याकडे सरपण म्हणजे पऱ्हाट्या. कापूस निघाला की वाळलेली झाडं उपटून घरामागे रचतात. वाळलेली पऱ्हाटी कडकडून पेटते. ओली असली तर मात्र धूर घरभर आणि जाळ कुठेच नाही. अशा वेळी माझी आठवण व्हायची. सुखीबाईची फुंकर लांब आणि एकसारखी. दोन फुंकरांत जाळ उभा राहायचा, आणि ती म्हणायची, "माही फुंकणी हाये म्हणून भाकर भेटते या घराले." मी फुशारून जायचे. थोरला मुलगा राजकुमार धसमुसळा, त्याच्या फुंकरीने अर्धी राख भाकरीवर यायची. त्याचा बाप देवसिंग फुंकायला बसला की पेटलेली चूल विझायची! घरोघरी मातीच्या चुली म्हणतात ते खरं, पण देवसिंगसारखा चूल विझवणारा मी दुसरा ऐकला नाही.

मित्रांनो, माझं काम श्वासाशी आहे. कुणाची छाती किती भरते हे मला लगेच कळतं. म्हणून धाकटी पुष्पा सहा वर्षांची असताना पहिल्यांदा माझ्यात फुंकली, तेव्हा मी चमकले. फुंकर अर्ध्यावरच तुटली. मग आत ओढलेल्या श्वासाबरोबर एक बारीक शिट्टी वाजली. लेकरू हसलं, त्याला वाटलं मीच वाजले. मी वाजले नव्हते. तिची छाती वाजली होती. तिचा दमा त्या घरात सगळ्यांच्या आधी मला कळला, आणि मी कुणाला सांगू शकले नाही. मला तोंडं दोन, पण बोलता एकाही तोंडाने येत नाही.

पुढे सगळ्यांनाच कळलं. थंडी आली की पोर रात्र रात्र बसून काढायची. हळद-दूध झालं, मोहरीच्या तेलाने छाती चोळून झाली, ओव्याची धुरी झाली. धुराने गुदमरलेल्या पोरीला उपाय काय, तर आणखी धूर! ती धुरी पेटवायलाही मलाच धरलं होतं.

सतराव्या वर्षी एकदा तिचे ओठ निळे पडले, तेव्हा देवसिंग आणि राजकुमारने तिला मोटारसायकलवर मध्ये बसवून उमरखेडला नेलं. तिथल्या भैरवी मॅडम डॉक्टरीण शांत बाई असाव्यात, कारण पुष्पा घरी आल्यावर त्यांचंच बोलणं त्यांच्याच चालीवर बोलून दाखवायची. तिच्या हातात दोन छोटे पंप होते. तोंडात धरायचा, दाबायचा आणि औषधाचा फवारा श्वासाबरोबर आत ओढायचा. तपकिरी पंप रोज सकाळ-संध्याकाळ, बरं वाटलं तरी. निळा पंप धाप लागली तर लगेच. आणि चुलीच्या धुरापासून लांब राहायचं. हे शेवटचं मीही भिंतीला टेकून ऐकलं. इतकी वर्षं जाळाची शाबासकी घेतली होती, आता धुराचा दोष कुणाच्या पदरात टाकणार?

सुखीबाईने मात्र त्या दिवसापासून पुष्पाला चुलीपाशी फिरकू दिलं नाही. "मांगं सर. म्या हाओ ना धूर खाले." एवढं बोलून ती स्वतः खोकत फुंकत राहायची.

पण एक गोष्ट तिने केली, ती सांगायलाच हवी. दोन्ही पंप तिने चुलीवरच्या देवळीत, भिंतीतल्या त्या कोनाड्यात, मिठाच्या बरणीमागे लपवून ठेवले. "तांड्यात बात फुटली का झालं. दम्याच्या पोरीले कोन करते?" सोयरीक मोडेल ही तिची भीती. औषध घ्यायचं ते दार लोटून. अशा रीतीने मी आणि ते दोन पंप शेजारी झालो. आधी मला त्या निळ्याचा राग यायचा. प्लास्टिकचं एवढंसं कार्टं, ना विस्तव पाहिलेला, ना घाव खाल्लेला! पण पुष्पा त्याला तोंडाला लावायची आणि थोड्याच वेळात तिची शिट्टी थांबायची. जे मला कधी जमलं नाही ते त्याला जमत होतं. मग मी राग सोडला.

आता राजकुमारचं ऐका. तो पोलीस भरतीला तीनदा उतरला, तीनदा थोडक्यात राहिला. मग गुडघा गेला. घरी बसून कुढण्यापेक्षा त्याने तांड्यातली आणि आसपासची एकवीस पोरं-पोरी जमवली आणि उजाडताना त्यांना ढाणकीच्या रस्त्यावर पळवायला लागला. गळ्यात शिट्टी, हातात मोबाईलचं घड्याळ. पोरं त्याला सर म्हणायची. बारावी झाल्यावर एक दिवस पुष्पा म्हणाली, "मले बी भरती द्याची हाये."

"तुले?" सुखीबाईच्या हातातली भाकर तव्यावर वाकडी पडली. "खोलीतून आंगणात जाशीन तं धापा टाकतं. लोक हासतीन."

"हासू दे. मॅडमले इचारतो म्या."

भैरवी मॅडमनी नाही म्हटलं नाही. पळ, पण एकदम नको. आधी चालून अंग गरम कर. पळायच्या पाव तास आधी निळा पंप घे, आणि तो खिशात ठेवूनच पळ. तपकिरी एक दिवसही चुकवू नको. पुष्पाने हे सगळं वहीत लिहून आणलं आणि याडीला दोनदा वाचून दाखवलं.

पहिल्या दिवशी ती विजेच्या एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत पळाली आणि परत येऊन उंबऱ्यावर बसली. देवसिंग म्हणाला, "एवढं तं आपली म्हैस बी पयते." ती हसली, पण थांबली नाही. पंधरा दिवसांनी तीन खांब. दिवाळीनंतर सात. रोज सकाळी दार लोटून पंप घेणं, मग वरवर काही नाही असं दाखवत पोरांत मिसळणं. निळा पंप ओढणीच्या आत, कमरेला बांधलेल्या छोट्या पिशवीत. त्याची खबर तिथे राजकुमारशिवाय कुणालाच नव्हती. सगळी पोरं तिला हळू पळणारी म्हणून चिडवायची. का हळू, ते कुणाला माहीत नव्हतं.

वर्षभर हे चाललं. मुलींना आठशे मीटर पळायचं असतं. सुरुवातीला तिला साडेपाच मिनिटं लागली होती, ती तीन मिनिटं दहा सेकंदांवर आली. एका सकाळी ती थेट चुलीपाशी आली, सुखीबाईने ओरडायच्या आत मला उचललं आणि विझत्या निखाऱ्यांवर फुंकर मारली. मित्रांनो, लांब, भरलेली, न तुटणारी फुंकर! जाळ भपकन उठला. "पाह्य, याडी," ती म्हणाली, "तुह्याएवढी झाली." माझ्या सगळ्या आयुष्यातली ती सर्वांत आनंदाची सकाळ. लोखंडाला आनंद होत नाही असं ज्याला वाटतं, त्याने ती फुंकर ऐकायला हवी होती.

मग भरतीची तारीख आली आणि तिच्या नऊ दिवस आधी राजकुमारच्या मोबाईलवर एक निरोप आला. भरतीची तयारी करणाऱ्या पोरांच्या गटात कुणीतरी पाठवलेला. पाठवणाऱ्याचं नाव नाही, गाव नाही. कुठल्याशा जिल्ह्यात म्हणे एका मुलीच्या पिशवीत पंप सापडला, त्यात स्टेरॉइड असतं, तो नशेचा प्रकार धरतात, मुलीला मैदानातूनच हाकललं. राजकुमारने तो निरोप दोनदा वाचला आणि तपकिरी पंपाचं खोकं देवळीतून काढून त्यावरची बारीक अक्षरं पाहिली.

"खरंच हाये यात स्टेरॉइड," तो म्हणाला. "आजपासून हे बंद कर. अंगात सापडलं तं बाद करतीन."

"मॅडम चिठ्ठी देतीन ना लिहून," पुष्पा म्हणाली.

"चिठ्ठी दाखवली तं दमा हाये हे आपणच सांगतलं. मंग मेडिकलले कटशीन. दोन्हीकून मराचं."

"फोन तरी करून इचारू मॅडमले."

"आन् त्या नाई म्हणल्या तं? वर्षाची मेहनत हाये, पुष्पा. एवढ्या जवळ येऊन म्या तीनदा राह्यलो. तुले राहू देत नाई."

इथेच सगळं चुकलं, मित्रांनो. त्याच्या मनात खोट नव्हती. बहिणीवर त्याचा जीव होता. स्वतःच्या हरण्याने तो इतका पोळला होता, की ताकसुद्धा फुंकून पीत होता. पण ज्या बाईने वर्षभर औषध दिलं तिला एक फोन करायचा सोडून त्याने बिननावाच्या निरोपावर विश्वास ठेवला. आणि पुष्पाने त्याच्यावर.

आठ दिवस तपकिरी पंप देवळीतून हलला नाही. तिसऱ्या दिवसापासून मला पुन्हा ती बारीक शिट्टी ऐकू यायला लागली. सुखीबाईलाही ऐकू आली असणार, आई होती ती. तिने एकदा विचारलं, "तो तपकिरी घेऊन नाई राह्यली काहून?" राजकुमारने समजावलं. तिने मान हलवली. "बरं. चार दिसाचीच बात हाये." निळा मात्र पुष्पा गुपचूप दिवसातून दोनदा, मग चारदा ओढत होती, आणि ते भावाला सांगत नव्हती.

निघायच्या दिवशी दुपारी उमरखेडहून यवतमाळची एसटी धरायची होती. यवतमाळजवळ लोहाऱ्याला मावशीकडे मुक्काम आणि सकाळी मैदान. भाकरी, ठेचा, चटईची गुंडाळी, कागदपत्रांची फाईल. पुष्पाने देवळीतून निळा पंप काढून पिशवीत टाकला. राजकुमारने तो बाहेर काढला. तिने पुन्हा टाकला. "गेटवर पिशव्या तपासतात," तो हळूच म्हणाला. ती उभी राहिली, पंपाकडे पाहत. मग स्वतःच्या हाताने तिने तो मिठाच्या बरणीमागे ठेवला आणि वाकून याडीच्या पाया पडली.

मी तिथेच होते. हातभर अंतरावर. घेऊन जा, पोरी, घेऊन जा, असं मी ओरडत होते, पण माझं ओरडणं कुणाच्या कानी जाणार? दार लागलं आणि आम्ही दोघं उरलो, मी आणि तो.

दुसऱ्या दिवशी दुपारी तांड्यावर गाडी आली. त्यातून पुष्पाला उचलून आणलं. सुखीबाईचा जो आवाज मी ऐकला, तो लिहून दाखवता येणार नाही, आणि मला दाखवायचाही नाही. आमची चूल विझलेली राहिली. शेजाऱ्यांकडून भाकरी यायच्या आणि तशाच वाळायच्या.

काय घडलं ते तिसऱ्या दिवशी कळलं. बाया अंगणात बसल्या होत्या. राजकुमार आत आला आणि थंड चुलीपुढे, आईसमोर, गुडघे पोटाशी घेऊन बसला. खाली पाहत त्याने सगळं सांगितलं. थंडी होती, मैदानात धूळ होती. पहिली फेरी ती छान पळाली. दुसऱ्या फेरीत पाय जड झाले, शेवटची पन्नास पावलं ती जवळजवळ चालतच गेली, पण रेषा ओलांडली. कुंपणाबाहेरून त्याने घड्याळ पाहिलं, तीन मिनिटं अठरा सेकंद. त्याने टाळी वाजवली. तेवढ्यात ती खाली बसली. तिचा हात कमरेला काहीतरी शोधत होता. ओळख सांगून तो आत धावला. तिथल्या माणसांनी तिला लगेच रुग्णवाहिकेत ठेवलं, तोही चढला.

"याडी, डॉक्टरनं मले गाडीतच इचारलं होतं."

"काय इचारलं?"

"हिले दमा हाये का म्हणून."

"मंग?"

"म्या म्हणलं, नाई."

"काहून रे?"

"रेषा तं ओलांडली होती तिनं. मले वाटलं, पाच मिन्टात उठन. अन् कागदावर दमा लिहिला गेला तं नाव कटन तिचं. दवाखान्यात पोचल्यावर सांगतलं म्या. पाया पडून सांगतलं. तवा..."

गाडीतच खरं सांगितलं असतं तर ती वाचली असती का, हे मला सांगता येत नाही. डॉक्टरांनीही नक्की काही म्हटलं नाही. राजकुमारला मात्र पक्कं वाटतं की वाचली असती, आणि ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

मला वाटलं सुखीबाई त्याला मारेल. तिने मारलं नाही. ती म्हणाली, "तू एकडाव नाई म्हणला. म्या दोन वर्षं म्हणत होतो. देवळीत कोनं झाकून ठेवलं होतं ते? म्याच ना." मग त्या दोघांनी एकमेकांना धरलं आणि किती तरी वेळ सोडलं नाही. अंगणातून देवसिंग दारापर्यंत आला, ते पाहून तिथेच भिंतीला धरून खाली बसला.

पुढे सुखीबाईने चूल घरातून काढून मागच्या अंगणात नेली. भाकरी आता गॅसवर होतात, मला फक्त आंघोळीच्या पाण्यापुरतं बोलावतात. बाकी दिवस मी गंजत पडून असते. त्याची तक्रार नाही. मी गंजले तरी चालेल, पण तुमच्या घरातल्या धुरात कुणाची छाती वाजत असेल तर ती वेळेवर ऐका. औषध नवऱ्या मुलाकडच्यांपासून, शेजाऱ्यांपासून, मास्तरांपासून लपवू नका. डॉक्टरांनी दिलेलं डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका, सांगणारा सख्खा भाऊ असला तरी. दमा असणं ही चोरी नाही. दम्याचा माणूस पळू शकतो. पुष्पा वर्षभर पळाली, ते मी माझ्या अंगावर घेतलेल्या फुंकरीने सांगते. तिला पळण्याने मारलं नाही. लपवण्याने मारलं.

महिनाभर राजकुमार रस्त्यावर गेला नाही. पोरं आपली आपण पळत होती. एका सकाळी सुखीबाईने देवळीतून दोन्ही पंप काढले आणि त्याच्या हातात ठेवले. "जा. पोराईले दाखव. कोनाचे होते ते सांग. अन् इचार."

तो गेला. परत आल्यावर त्याने आईला सांगितलं, ते मी ऐकलं. त्याने एकवीस जणांना रांगेत उभं केलं, पुष्पाची सगळी गोष्ट सांगितली, स्वतः काय बोललो तेही सांगितलं, आणि विचारलं, "अजून कोनाले दमा हाये? हात वर करा." एकही हात वर झाला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा विचारलं. तिसऱ्या दिवशीही. पोरं खाली पाहायची, तो शिट्टी वाजवायचा आणि पळवायचा.

दहाव्या दिवशी तो घरी आला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. सुखीबाईने विचारलं, काय झालं. तो म्हणाला, "तीन हात वर आले, याडी. तीन. इतके दिवस म्या त्याइले पळवून राह्यलो होतो."

मित्रांनो, हे वाचणाऱ्यांत तुमच्यापैकी कुणी तसा असेल, तर दहा दिवस लावू नका. आजच हात वर करा.